पाव कडक, नानकटाई मऊ

रात्री पाहुणे उशिरा गेले आणि ओटा आवरायचा राहिला. सकाळी बघते तर लादीतले उरलेले दोन पाव कडक झालेले, आणि त्यांच्याच शेजारच्या बशीतली नानकटाई सादळून मऊ पडलेली. ओटा एक, हवा एक, रात्र एक. दोन्ही मैद्याचे, दोन्ही एकाच बेकरीतून आलेले. मग एकाचा मऊपणा गेला आणि दुसरीला तो नको असताना मिळाला, हे कसं?

संशय शेजाऱ्यावर जातोच. पण नानकटाईने पावातलं पाणी चोरलं असं थेट म्हणता येत नाही. दोघांचाही व्यवहार झाला तो हवेशी. ताज्या पावात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी असतं, नीट भाजलेल्या नानकटाईत शेकडा तीन-चार भाग. पाणी नेहमी भरल्या घरून रित्या घरी जातं. पावाने ते हवेला दिलं, नानकटाईने हवेतून घेतलं. त्यात नानकटाईत साखर भरपूर, आणि साखर पाण्याच्या बाबतीत हावरी. पावसाळ्यात साखरेच्या डब्यात गोळे होतात ते याच हावरटपणामुळे.

पावाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेला पावही दोन दिवसांत कडक होतो, आणि तिथून तर पाणी कुठे गेलेलं नसतं. त्याच्याकडे परत येऊ. आधी नानकटाई, कारण दिवाळीत माझ्या हातून बिघडते ती हीच, आणि ती बिघडण्याच्या जवळपास प्रत्येक तऱ्हेमागे पाणीच निघतं.

मैद्यातला चीक

एकदा हा प्रयोग जरूर करा. लिंबाएवढा मैद्याचा गोळा घट्ट भिजवा, दहा मिनिटं झाकून ठेवा आणि मग बारीक धारेच्या नळाखाली हातात धरून चुरत राहा. आधी पांढरं दुधासारखं पाणी निघतं. ते पिष्ट, म्हणजे स्टार्च. पाच-सात मिनिटांनी पाणी नितळ होतं आणि हातात उरतो करड्या-पिवळट रंगाचा, च्युइंगगमसारखा ताणला जाणारा चिवट गोळा. याला ग्लूटेन म्हणतात. कोरड्या मैद्यात तो नसतो. गव्हातली दोन प्रथिनं, ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन, पाणी मिळालं आणि वर मळणंही झालं, की एकमेकांत गुंतून हे जाळं विणतात.

पोळी लाटताना फाटत नाही, पाव फुगला तरी फुटत नाही, ते या जाळ्यामुळे. पण नानकटाईत हेच जाळं शत्रू. चकली कुरकुरीत हवी, पोळी लुसलुशीत हवी, नानकटाई खुसखुशीत. आपल्या भाषेने हे भेद फार नेमके धरले आहेत. कुरकुरीत म्हणजे कडकन मोडणारं. खुसखुशीत म्हणजे दातांनी नुसतं टेकवावं आणि कण कण सुटे व्हावेत असं. कण सुटे व्हायचे तर ते मुळात एकमेकांना चिकटता कामा नयेत.

इथे तूप येतं. फणस कापायला बसताना आपण हाताला आणि विळीला तेल चोपडतो, म्हणजे चीक चिकटत नाही. नानकटाईत तूप नेमकं हेच करतं. मैद्याच्या कणाभोवती तुपाचा लेप बसला की पाणी कणापर्यंत नीट पोचत नाही, आणि पोचलं तरी प्रथिनांचे हात एकमेकांच्या हातात टिकत नाहीत, निसटतात. शंकरपाळ्यांत, करंजीच्या पारीत आपण मोहन घालतो आणि पिठाची मूठ वळते का ते बघतो, ती परीक्षाही याचीच. मूठ वळली म्हणजे लेप सगळ्या पिठाला पोचला.

म्हणूनच नानकटाईचं पीठ मळायचं नसतं, गोळा करायचं असतं. पोळीची सवय असलेले हात इथे आवरावे लागतात. आणि म्हणूनच त्यात बेसन आणि रवा घालतात: बेसनात ग्लूटेन होतच नाही, तर रव्याचे जाड कण पाणी सावकाश घेतात. चव आणि रवाळपणा हा वरचा फायदा.

तुपाऐवजी बटर घेतलं तर? बाजारच्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश, आणि उरलेल्यात बराचसा वाटा पाण्याचा. म्हणजे ज्याला दाराबाहेर ठेवायचं तोच मागच्या दाराने आत. चव छान येते, पण नानकटाई किंचित बिस्किटाच्या अंगाने जाते. तूप म्हणजे जवळपास निखळ स्निग्धांश. वनस्पती तुपातही पाणी नसतं, शिवाय ते उकाड्यात पटकन विरघळत नाही, म्हणून बेकरीवाल्यांचा जीव त्याच्यावर. त्यातल्या ट्रान्स फॅटवर २०२२ च्या जानेवारीपासून २ टक्क्यांची मर्यादा आली. तरी घरी करताना मी साजूकच घेते. एवढे कष्ट करायचे आणि वास तुपाचा येऊ नये, हे मला पटत नाही.

आत्याची परात

माझी आत्या दिवाळीच्या आठ दिवस आधी पितळी परातीत थिजलेलं तूप घेऊन बसायची आणि तळहाताने गोल गोल फेसायची. वीस मिनिटं, अर्धा तास. पिवळं तूप हळूहळू पांढरं होई आणि परातीत फुगून वर येई. मग ती त्याचा ठिपका वाटीभर पाण्यात टाकायची. तरंगला की म्हणायची, "झालं गं तूप हलकं."

मोठेपणी लक्षात आलं की तूप पाण्याहून हलकंच असतं, न फेसताही ते तरंगणारच. आत्याची ही परीक्षा कधीच नापास होणार नव्हती! (वड्याचं डाळीचं वाटण असंच पाण्यात टाकून बघतात. तिथे परीक्षा खरी आहे, ती बहुधा इकडे आली असावी.) पण तिचं फेसणं मात्र शंभर टक्के बरोबर होतं. रंग पांढरा होतो तो आत शिरलेल्या हवेमुळे. साबणाचं पाणी नितळ आणि फेस पांढरा, तसंच. पिठीसाखर घातली की तिचे टोकदार कण तुपात आणखी हवा ओढून नेतात.

ही हवा कशासाठी, तर पुढे सोड्याचा वायू राहणार कुठे? नानकटाई भट्टीत गेल्यावर सोड्यातून किंवा बेकिंग पावडरमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो नवे बुडबुडे फारसे तयार करत नाही. आधी असलेल्या बुडबुड्यांत शिरून त्यांना फुगवतो. घरं आत्याने बांधायची, भाडेकरू नंतर यायचे. फेसायचा कंटाळा करून सोडा वाढवला तर घरांवाचून भाडेकरू तेवढे वाढतात, आणि जिभेवर साबणासारखी कडवट चव उरते.

आता माझी फजिती. नव्या नवलाईत एका दिवाळीला मी वेळ वाचवायला तूप सरळ पातळ करून घेतलं. पातळ तुपात हवा धरून ठेवायला काही नसतंच. गोळे छान वळले गेले, पण थाळीत एकमेकांपासून बोटबोटभर लांब ठेवलेले ते बारा गोळे वीस मिनिटांनी एक अख्खी भाकरी होऊन बाहेर आले. घरात त्या पदार्थाला अजूनही "नानभाकरी" म्हणतात. नान म्हणजे फारसीत रोटीच, तेव्हा नाव अगदीच चुकीचं नाही. सूरतेत एका डच बेकरीच्या भट्टीपासून नानकटाईचा जन्म झाला आणि पुढे ती दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली, अशी गोष्ट सांगतात. माझ्या नानभाकरीला तेवढंही कुळ नाही.

दोन घोड्यांची शर्यत

गोळा गरम हवेत गेला की त्याच्या आत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. तूप वितळायला लागतं, त्याला शरीराच्या तापमानाइतकी ऊबही पुरते. तूप पातळ झालं की गोळा पसरायला बघतो. दुसरीकडे कड सुकून घट्ट व्हायला लागते आणि त्याला थोपवते. भट्टी आधीपासून नीट तापलेली असेल तर कड वेळेवर घट्ट होते. ती थंड असेल तर तुपाला भरपूर वेळ मिळतो, आणि मग नानभाकरी.

ओव्हन दहा मिनिटं आधी तापवून घ्या, असं प्रत्येक कृतीत लिहिलेलं असतं ते यासाठी. दिवाळीच्या तोंडाशी आपल्याकडे ऑक्टोबरचा उकाडा असतो, तूप भांड्यातच पाघळायला बघतं. अशा वेळी वळलेले गोळे थाळीसकट पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवले की तुपाच्या घोड्याचे पाय बांधले जातात.

वरचे तडेही या शर्यतीतूनच येतात. वरचा पापुद्रा आधी सुकतो आणि ताठ होतो. आतला भाग अजून मऊ असतो, त्यातला वायू आणि वाफ फुगत असतात. ताठ पापुद्र्याला ताणता येत नाही, तो फाटतो. उन्हात सुकलेल्या तळ्याच्या चिखलाला भेगा पडतात तशा, फक्त तिथे वरचा थर आक्रसतो आणि इथे आतला फुगतो. तडे नसलेली, टकलासारखी गुळगुळीत नानकटाई दिसली की समजावं, आत काही फुगलंच नाही.

भट्टी, ओटीजी आणि मिठाची कढई

आमच्या लहानपणी नानकटाई घरी भाजायची नसेच. मैदा, रवा, तूप, साखर मोजून डब्यात घालायची आणि गल्लीतल्या बेकरीत नंबर लावायचा. तिथे पत्र्याचे ट्रे मिळत. गोळे आपण वळायचे किंवा त्यांच्या माणसाकडून वळून घ्यायचे, भाजणावळ किलोवर. दुपारची वेळ असे, आणि त्याला कारण होतं. लाकडाच्या भट्टीत जाळ घालून विटा तापवतात, निखारे बाजूला सारतात आणि मग नुसत्या तापलेल्या विटांवर काम चालतं. सुरुवातीच्या कडक आचेवर पाव निघतात. आच उतरत गेली की बिस्किटं, नानकटाई, टोस्ट. भट्टीवाले काका उघडा हात क्षणभर आत धरून सांगायचे, "थांबा ताई, अजून पावाची आहे." मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. हवेसाठी ते बरंच झालं. पण ती उतरती आच आता बटणावर शोधायची.

विटांची खुबी अशी की त्या उष्णता साठवतात आणि चारी बाजूंनी सारखी परत देतात. घरच्या ओटीजीत दोन तापलेल्या सळया असतात, पेटी लहान, आणि दार उघडलं की गरम हवा भसकन बाहेर. म्हणून सारखं डोकावायचं नाही. काचेतून बघावं. १६० अंश सेल्सिअस, मधला कप्पा, अठरा ते वीस मिनिटं.

ओटीजी नसेल तर जाड बुडाची कढई किंवा पातेलं, तळाशी दोन वाट्या जाडं मीठ, वर तिवई, तिच्यावर थाळी आणि घट्ट झाकण. मीठ इथे विटांचं काम करतं. बर्नरची ज्योत एका वर्तुळात लागते, मीठ ती उष्णता पसरवतं आणि धरून ठेवतं. मीठ वितळायला ८०१ अंश लागतात, त्यामुळे काळजी नाही, तेच मीठ पुढच्या वेळी याच कामाला चालतं. वाळूही चालते. पुष्कळ घरांत यासाठी शिटी आणि रबर काढून कुकर वापरतात. मात्र कुकर कोरडा तापवू नका असं तो बनवणारेच सांगतात, तेव्हा जुनी कढई बरी.

आणि पाणी घालून, शिटी लावून का नाही भाजता येणार? कारण वाफेचा कुकर कितीही फुसफुसला तरी १२० अंशांच्या आसपासच राहतो. नानकटाईचा सोनेरी रंग आणि तो घरभर दरवळणारा खमंग वास यायला प्रथिनं आणि साखरेची जी प्रक्रिया व्हावी लागते, तिला वेग येतो १४० अंशांच्या पुढे. साध्या मायक्रोवेव्हमध्ये नानकटाई फिकुटलेली निघते तीही याच कारणाने. तो मुख्यतः पदार्थातलं पाणी तापवतो, भोवतालची हवा गारच राहते. कन्व्हेक्शनचं बटण असेल तर गोष्ट वेगळी.

कढईची एक उणीव उरते: आच खालून. बुडं करपतात, माथा पांढरा. कोकणात धोंडस करताना झाकणावर निखारे ठेवायचे, गोव्यात बेबिंकाचा एकेक थर वरच्या निखाऱ्यांवर भाजायचे, ती याची जुनी तोड. फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणणार! झाकण आधी दुसऱ्या बर्नरवर कडकडीत तापवून घेतलं तर थोडा फरक पडतो. थोडाच.

मऊ आहे म्हणून परत आत ढकलू नका

सगळ्यात जास्त नानकटाया या एका गैरसमजाने वाया जातात. वेळ पूर्ण झाली, थाळी बाहेर काढली, बोटाने दाबलं तर मऊ. "कच्ची राहिली गं," म्हणत परत दहा मिनिटं. गार झाल्यावर दगड.

भट्टीतून निघालेली नानकटाई मऊच असते. तिच्यातलं तूप त्या क्षणी पातळ असतं, साखरही नरमलेली. गार होताना तूप थिजतं, साखर घट्ट होते, अंगातली उरलीसुरली वाफ निघून जाते आणि मग खुसखुशीतपणा येतो. तेव्हा पारख बोटाची नाही, रंगाची: कडा आणि बूड फिकट बदामी झालं की काढायची.

ती वाफ जाईपर्यंत डब्याचं झाकण लावायचं नाही. आम्ही घाईने डबा बंद करायला लागलो की भट्टीवाले काका लांबून ओरडायचे, "घाम येईल तिला!" अगदी खरं. झाकणाच्या आतून थेंब धरतात आणि परत नानकटाईवरच पडतात.

चकलीचं शास्त्र याहून निराळं नाही. तेलात सोडल्यावर जे बुडबुडे येतात ते तेलाचे नव्हेत, चकलीतल्या पाण्याची ती वाफ. बुडबुडे मंदावले म्हणजे पाणी संपत आलं. आई म्हणायची, "तेल शांत झालं की काढ."

चौकट: साधारण २५ नानकटाया

मैदा २०० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, थिजलेलं साजूक तूप १५० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा, वेलची-जायफळ, चिमूटभर मीठ. वाटीपेक्षा वजन बरं, कारण दाबून भरलेली आणि चाळून भरलेली मैद्याची वाटी सारखी नसते.

पसरली: तूप पातळ होतं किंवा ओव्हन गार होता.
चिवट झाली: पीठ मळलं गेलं किंवा गोळा करताना घातलेलं दूध जास्त पडलं.
वळताना भुगा होतो: चमचाभर तूप वाढवा, पाणी नको.
तडे नाहीत: तूप कमी फेसलं.
सादळली: १५० अंशांवर पाच मिनिटं, मग उघड्यावर पूर्ण गार.

आता पाव

पावाच्या कणकेत पाणी भरपूर. साठ-सत्तर अंशांना त्यातले पिष्टाचे कण ते पिऊन फुगतात, भात शिजतो तसे. पाव लुसलुशीत असतो तो या फुगलेल्या पिष्टामुळे. गार झाल्यावर मात्र पिष्ट हळूहळू आपली जुनी, ताठ रचना परत धरायला लागतं. पाणी पावातच असतं, पण पिष्टाच्या पकडीतून सुटलेलं. रात्रीचा भात सकाळी कडक होतो, तोच प्रकार. म्हणूनच तो भात वाफवला किंवा पाव तव्यावर गरम केला की परत मऊ होतो, थोड्या वेळापुरता. आणि फ्रीजच्या थंडाव्यात ही ताठर होण्याची क्रिया उलट जोरात चालते. पाव टिकवायचा तर एक तर बाहेर किंवा थेट फ्रीझरमध्ये.

नानकटाईतल्या पिष्टाला मुळात पाणी मिळालेलंच नसतं. ते जवळपास कच्च्यासारखंच, तुपात गुंडाळलेलं पडून असतं. जे कधी फुगलंच नाही ते ताठरणार काय? म्हणून नानकटाईच्या नशिबी शिळं होऊन कडक होणं नाही. तिला भीती हवेतल्या ओलाव्याची.

डब्यात कोण कोणाशेजारी

फराळाचे डबे भरताना हे लक्षात ठेवलं तर पुष्कळ वाचतं. चिवडा, शेव, चकली, नानकटाई ही सगळी कोरड्या कुळातली, एका डब्यात सुखाने राहतात (वासाचं तेवढं बघायचं). ओल्या नारळाची करंजी, नारळाच्या वड्या, पाकातले लाडू यांच्या अंगात पाणी आहे. बंद डब्यात ते ज्यांच्याकडे कमी आहे त्यांच्याकडे जाणार, मध्ये कागद घातला तरी जाणार. कागद तेल अडवतो, वाफ नाही.

हे मला ठाऊक होतं. तरीही दोन वर्षांपूर्वी बंगळूरला भाचीला डबा पाठवताना जागा पुरेना म्हणून खाली ओल्या नारळाच्या वड्या, वर बटर पेपर आणि त्यावर नानकटाई, असं रचून दिलं. तीन दिवसांनी तिचा फोन आला. "मावशी, तुझ्या नानकटाया छान आहेत गं, पण मऊ का? अशाच असतात का त्या?"

तिला म्हटलं, ओव्हन १५० वर ठेव, पाच मिनिटं भाज, गार होईपर्यंत हात लावू नकोस. रात्री फोटो आला. थाळीत दोन नानकटाया होत्या, तडे गेलेल्या, कडेला बदामी. खाली लिहिलं होतं: बाकीच्या गरम असतानाच संपल्या.